केम्निट्झमध्ये कुणी ओळखीचं नव्हतं

जर्मनीत शिक्षण फुकट आहे, ही बातमी सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या ॲडमिशनच्या आधीच पोचली होती. अशोक चौकातल्या किराणावाल्यापासून नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कारखान्यातल्या जॉबरपर्यंत सगळे तेच सांगायचे, "फुकट आहे म्हणतात की, मग जा." बातमी खोटी नव्हती. तिथली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत. मी अर्ज करत होते तेव्हा मोठा अपवाद होता तो बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा. तिथं २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. बाकी बहुतेक ठिकाणी सेमिस्टरची वर्गणी भरली की भागतं.

पण व्हिसा मागायला जायच्या आधी वर्षभर जगण्याचा खर्च एका बंद खात्यात भरून दाखवावा लागतो. २०२३ मध्ये ही रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे तेव्हाच्या भावानं दहा लाख रुपयांच्या आसपास. पैसे आपलेच, पण एकदम हात लावता येत नाही. तिथं पोचल्यावर महिन्याला ९३४ युरो सुटतात. (२०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाचा आकडा ११,९०४ झाला.) नानांनी हा हिशेब पुन्हा एकदा सांगायला लावला आणि म्हणाले, "म्हणजे जेवण फुकट, पण शिधा घरून न्यायचा."

आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि गरज पडली तर मोडकंतोडकं कन्नड. नानांचा टेरी टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे, छोटाच. अव्वा, म्हणजे नानांची आई, आयुष्यभर विड्या वळत आली. मी इंजिनिअरिंग सोलापुरातच केलं, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. आमच्या घरात कुठलंही काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथं ओळखीचं कोण आहे?" आणि कुणी ना कुणी निघतंच. कुणाचा साडू निघतो, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवात शेजारी चालणारा कुणी निघतो. यात मला कधी काही गैर वाटलं नाही, आणि अजूनही पूर्ण वाटत नाही. ओळखीनं काम होतं तेव्हा निदान समोरचा माणूस आपल्याला माणूस म्हणून बघतो.

सुरुवातही तशीच झाली. ट्रान्सक्रिप्ट हवी होती, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे गुण एकत्र, सही-शिक्क्यासह, बंद पाकिटात. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, पण खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला, पावती दिली आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढचा आठवडा पुढेच सरकत राहिला. शेवटी नानांच्या सूतवाल्या व्यापाऱ्याच्या भाच्याच्या वर्गातला एक जण तिथं क्लार्क निघाला. त्या दिवशी दुपारी पाकीट हातात. नाना खूश. मी पाकिटावरचे शिक्के मोजत घरी आले, एखादा राहिला असेल तर आजच सांगता येईल म्हणून.

मग एपीएस. भारतातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून हे प्रमाणपत्र व्हिसाला सक्तीचं झालं. आपल्या मार्कशीट आणि पदव्या खऱ्या आहेत का, आपण तिथल्या विद्यापीठात बसायला पात्र आहोत का, याची तपासणी. फी १८,००० रुपये, कागद दिल्लीला पाठवायचे आणि वाट बघायची. आमची बॅच यातल्या अगदी पहिल्यांपैकी. किती दिवस लागतील हे आधीच्या कुणाला विचारावं, तर आधीचं कुणी नव्हतंच. नानांनी इथंही प्रश्न टाकला, "दिल्लीत आपलं कोण आहे?" कुणीच नव्हतं. पद्मशाली समाजाच्या कार्यालयातूनही कुणी निघालं नाही. प्रमाणपत्र आलं ते आपसूक, ईमेलवर. नाना बराच वेळ ते मोबाईलवर वर-खाली करत राहिले. एवढा महत्त्वाचा कागद कुणाला न भेटता, कुणाला चहा न पाजता आला याचं त्यांना नवल वाटलं होतं. थोडा संशयही असावा.

केम्निट्झ निवडलं त्याला दोन कारणं होती. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात एम्बेडेड सिस्टिम्सचा, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांचा, मास्टर्स इंग्रजीतून आहे, आणि गाव पूर्व जर्मनीतलं, त्यामुळे खोलीचं भाडं म्युनिक-फ्रँकफुर्टच्या मानानं पुष्कळ कमी. माझं स्पष्ट मत आहे की कर्ज काढून जाणाऱ्यानं नावाजलेल्या मोठ्या शहराच्या मागे लागू नये. ९३४ युरोत म्युनिकमध्ये खोली शोधणाऱ्या मुली मी पुढे पाहिल्या.

गुणांचं गणित तिथं उलटं चालतं. सर्वोत्तम १, पास ४, त्यापुढे नापास. आपले गुण त्यात बदलायचं एक सूत्र बहुतेक विद्यापीठं वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, कमाल आणि पास यांच्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. दहापैकी आठ सीजीपीए असेल आणि चारला पास असेल, तर उत्तर येतं २. सोलापुरात आठ म्हणजे पेढे वाटायचे. तिथं दोन म्हणजे 'चांगलं', इतकंच.

गावाचं नाव घरात कुणी ऐकलं नव्हतं. मामाच्या मुलानं गुगल केलं आणि २०१८ मध्ये तिथं स्थलांतरितांविरुद्ध झालेल्या दंगलींचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. दोन रात्री घरात वेगळीच हवा होती. अम्मा काही बोलली नाही, फक्त ताटात वाढताना भांड्यांचा आवाज जास्त येत होता. मी तिला खोटी खात्री दिली नाही. वाचलं ते सगळं सांगितलं: काय झालं होतं, त्यानंतर त्याच गावातले हजारो लोक त्याविरुद्धच्या मैफलीला कसे जमले होते, विद्यापीठात किती देशांची मुलं आहेत.

कर्जाचा भाग लवकर उरकते, कारण ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी काढलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. राष्ट्रीयीकृत बँक, तारण घर. घर अजून तातांच्या, म्हणजे आजोबांच्या, नावावर, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. आधी वारस नोंद, मग सिटी सर्व्हेचा उतारा, मग वकिलाचा सर्च रिपोर्ट, मग व्हॅल्युएशन. काकांच्या सह्या लागल्या. काकांनी सह्या केल्या, पण काकूंनी त्या दिवशी चहा केला नाही, हे अम्माच्या अजून लक्षात आहे.

व्हिसाचे कागद मुंबईत द्यायचे होते. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघायचं, पहाटे उतरायचं, कुणाच्या तरी घरी आंघोळ करून व्हीएफएसला, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, जायचं. नाना सोबत आले आणि बाहेर फुटपाथवर थांबले. आत सगळं क्रमानं: पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस, बंद खात्याचं पत्र, विमा, इंग्रजीचं प्रमाणपत्र, 'मला हेच का शिकायचंय' असं एक पत्र, ७५ युरोची फी रुपयांत. बाहेर आल्यावर नानांनी विचारलं, "साहेब कसा होता?" साहेब नव्हताच. एक मुलगी होती, माझ्याच वयाची, तिनं कागदांवर टिक केल्या.

सामानाचं भांडण मात्र घरोघरी होतं तसंच झालं. तूप आणि पेढे गेले नाहीत, कारण युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे. अम्माला हे मी केलेलं कारण वाटलं. शेंगा चटणी गेली, कडक भाकरी गेली, आणि नानांनी कारखान्यातले टॉवेल इतके भरले की मी निम्मे काढून ठेवले. कडक भाकरीबद्दल एक सांगते. ती महिनोन्‌महिने टिकते हे आपण सांगत आलोय, पण तेवढी टिकू दिली तर ना! ऑक्टोबर संपायच्या आत माझी संपली होती.

तिथं पोचल्यावर पहिले काही आठवडे एका साखळीत गेले. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, हा कायदा. नोंदणीसाठी घरमालकाचा सहीचा कागद. बँकेला नोंदणीचा कागद. बंद खात्यातले पैसे सुटायला बँकेचा खाते क्रमांक. सगळं जुळून पहिले पैसे येईपर्यंत सोबत नेलेल्या रोख पैशांवर जगायचं. जाणाऱ्याला माझा सल्ला हाच, की पहिल्या महिन्याचं भाडं आणि पोटापाण्याचं वेगळं न्या. बंद खात्याच्या भरवशावर विमानात बसू नका.

नोंदणी झाली की पत्रं येऊ लागतात. कराचा ओळख क्रमांक पोस्टानं. आरोग्य विम्याचं कार्ड पोस्टानं. आणि ज्याच्याबद्दल सोलापुरात कुणीच बोललं नव्हतं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र: घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. आम्ही एका फ्लॅटमध्ये वेगवेगळ्या खोल्यांत राहत होतो. एकीनं भरायचे आणि बाकीच्यांनी वाटून द्यायचे, असं ठरलं. टपालपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. आमच्या आडनावाची लांबी बघून शेजारच्या पोलिश मुलीनं दोन पट्ट्या जोडून दिल्या.

इथं मला पहिल्यांदा कळलं की ओळख नसणं म्हणजे काय. कुणी वाईट वागत नाही. पण कुणी आपणहून काही सांगतही नाही. काउंटरवरचा माणूस तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि पुढच्याला बोलावतो. तुम्ही विचारायला हवा होता तो दुसरा प्रश्न त्याला माहीत असतो, पण तो सांगणार नाही. आपल्याकडचा क्लार्क एकदा का "अगं, तू त्यांची मुलगी का" म्हणाला की न विचारलेल्या चार गोष्टी सांगून टाकतो, चार घरच्या चौकशा करतो, वरून उशीरही करतो. केम्निट्झमध्ये उशीर नव्हता, चौकशीही नव्हती.

विद्यापीठातही तोच कारभार. वेळापत्रकात नऊच्या तासापुढे 'c.t.' ही दोन अक्षरं असली तर तास सव्वानऊला सुरू होतो. हा पंधरा मिनिटांचा जुना रिवाज आहे आणि तो कुणी समजावत नाही, दार बंद बघून कळतो. हजेरी नाही. इंटर्नल नाही, सबमिशनच्या फायली नाहीत, एचओडीसमोर उभं राहणं नाही. बहुतेक विषयांना सेमिस्टरच्या शेवटी एक परीक्षा, लेखी किंवा तोंडी, आणि गुण त्यावरच. पहिले तीन महिने हे स्वर्गासारखं वाटतं. डिसेंबरात कळतं की आपल्याला कुणी पकडलेलं नाही, तसं धरलेलंही नाही.

परीक्षेला बसायचं तर आपण स्वतः ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन नाव नोंदवायचं. मुदत गेली की गेली. आमच्या बॅचमधल्या एका मुलानं वर्षभर अभ्यास करून, लॅब पूर्ण करून एका विषयाला नाव नोंदवलं नाही. त्याला वाटत होतं, कोर्स घेतलाय म्हणजे नाव आहेच. तो कार्यालयात गेला, विनवण्या केल्या, घरच्या कर्जाचं सांगितलं. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या परीक्षेची तारीख लिहून दिली. त्याला तो निर्दयपणा वाटला. मला तेव्हा तसंच वाटलं. नंतर विचार करताना लक्षात आलं, की त्याच्यासाठी दार उघडलं असतं तर ते माझ्यासाठीही उघडायला हवं होतं, आणि माझी तर तिथं कुणाशीच ओळख नव्हती.

नापास झाल्यावर पुन्हा बसायच्या संधी मोजक्याच. एटीकेटी घेत, म्हणजे राहिलेले विषय मागे ठेवून, पुढे सरकायची सवय झालेल्यांना हे जड जातं.

रिअल-टाइम सिस्टिम्स नावाच्या विषयानं मला पहिल्या सेमिस्टरला रडवलं. एका प्रोसेसरवर अनेक कामं चालू असताना प्रत्येक काम त्याच्या मुदतीत संपेलच हे आधी गणितानं सिद्ध करायचं. 'बहुतेक संपेल' चालत नाही. गाडीचा ब्रेक बहुतेक वेळा लागून उपयोग नसतो. सोलापुरात आम्ही मायक्रोकंट्रोलरवर एलईडी लुकलुकवले होते, सिद्धता कुणी मागितली नव्हती. व्याख्यानाच्या स्लाइड पुन्हा पुन्हा वाचूनही एक प्रकरण डोक्यात शिरेना. प्राध्यापकांचा आठवड्यातून एक ठरलेला भेटीचा तास असतो, हे फलकावर लिहिलेलं मी रोज वाचत होते. पण सरांना असं सरळ जाऊन भेटायचं? कुणाच्या ओळखीनं? शेवटी ईमेल लिहिला. चांगला लांबलचक, आधी माफी मागून. उत्तर एका ओळीचं आलं: गुरुवारी दोन वाजता या.

गेले. त्यांनी खुर्ची दाखवली, फळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, तुम्हाला जितकं कळलंय तितकं काढा. मी काढलं. चूक कुठं होती ते त्यांनी सांगितलं नाही, एक प्रश्न विचारला. मग दुसरा. तास संपला तेव्हा फळा भरला होता आणि बाहेर कुणीच उभं नव्हतं. तो तास दर आठवड्याला रिकामाच जातो, असं त्यांच्या सहायकानं नंतर सांगितलं. भारतीय मुलं तर येतच नाहीत, म्हणाला. त्यानंतर मी दर विषयाला जायला लागले. पुढे त्याच लॅबमध्ये विद्यार्थी सहायक म्हणून काम मिळालं, तेही विचारल्यावरच. जाहिरात नव्हती. मी विचारलं, त्यांनी माझे गुण आणि माझा कोड मागितला.

त्याआधी काही महिने एका गोदामात पार्सलं लावली. कामाचे दिवस कायद्यानं मोजलेले असतात: मी गेले तेव्हा वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस, मार्च २०२४ पासून १४० आणि २८०. विद्यापीठातलं सहायकाचं काम या मोजणीत धरत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. किमान वेतन तेव्हा तासाला १२ युरो होतं, कंत्राटदार आणि त्याचा भाऊ यांच्यात वाटून न जाता थेट खात्यात. गोदामात माझ्या सोबत एक सीरियन काका होते, अलेप्पोत त्यांचं कापडाचं दुकान होतं. बोलायला आम्हाला दोघांनाही जर्मनच, आणि दोघांचंही कच्चं. तरी सुताचे भाव आम्ही व्यवस्थित बोलायचो.

कापडावरून आठवलं. केम्निट्झला एकेकाळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणत. गिरण्या, माग बनवणारे कारखाने, धुरांडी. लुई श्योनहेर यांच्या माग-कारखान्याच्या जुन्या इमारतींत आता ऑफिसं आणि कॅफे आहेत. मी जायच्या आधी जूनमध्ये सोलापुरात विमानतळाला आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली होती, आणि त्यावरून गावात काय रणकंदन झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको. इथं येऊन पाहते तर वीजकेंद्राची तीनशे मीटरहून उंच चिमणी गावाच्या डोक्यावर उभी, आणि २०१३ मध्ये दानिएल ब्युरेन या फ्रेंच चित्रकाराच्या कल्पनेतून तिला सात रंगांचे पट्टे दिलेले. फोटो पाठवला तर नाना म्हणाले, "रंगवायला किती घेतले?" मला माहीत नव्हतं. नानांना अजून वाटतं मी चौकशी केली नाही.

तिथल्या उद्योग संग्रहालयात जुनी कापड यंत्रं नुसती मांडलेली नाहीत, चालवून दाखवतात. एका रविवारी गेले आणि नानांना व्हिडिओ कॉल लावला. सोलापुरात दुपार, कारखाना बंद, नाना आडवे झालेले. माग सुरू झाल्यावर उठून बसले. फोन खाली धर, डावीकडे घे, धोटा दाखव, असं चालू झालं. मग म्हणाले, "पट्टा सैल आहे. आवाज ऐक." माग दाखवणारे आजोबा सत्तरीचे असावेत. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये नानांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचवलं. ते हसले, माग थांबवला, वाकून बघितलं आणि फोनकडे बघून अंगठा वर केला. त्यानंतर मी फक्त मधली. आजोबा पूर्व जर्मनीच्या काळात टेक्सटिमा या यंत्रनिर्मिती समूहात होते, तेव्हा गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. १९९० नंतर कारखाने एकेक बंद पडले. नानांनी विचारलं, "बंद झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळाली का सगळ्यांना?" लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकुणाचे पैसे अडकले याची यादी नानांना तोंडपाठ आहे. आजोबा म्हणाले, थोडं मिळालं, कामं मात्र गेली, पोरं पश्चिमेला गेली. नाना म्हणाले, "आमची पुण्याला." मग माझ्याकडे बघून जरा थांबले.

केम्निट्झमध्ये कुणी नानांच्या ओळखीचं झालं असेल तर ते हे आजोबा. नाव दोघांनीही विचारलं नाही.

अव्वाला मी गावातलं मार्क्सचं डोकं दाखवलं. १९७१ मध्ये बसवलेलं, लेव केर्बेल या शिल्पकाराचं, नुसतं डोकंच सात मीटरच्या वर. मागच्या भिंतीवर जगातल्या कामगारांनो एक व्हा, चार भाषांत. अव्वा विडी कामगारांच्या मोर्च्यांना लाल बावटा घेऊन जायची. "हा आपल्या युनियनच्या हापिसात आहे," म्हणाली. "तिथं याला अंग पण आहे का नुसतं डोकंच?"

हिवाळ्याबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात लिहिते. थंडीला कपडे मिळतात. अंधाराला काही मिळत नाही. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्रेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाला याची तयारी कुठून असणार? केम्निट्झ एर्झगेबिर्ग डोंगरांच्या पायथ्याशी आहे. तिकडच्या खाणकामगारांच्या रिवाजानुसार नाताळच्या आधी खिडक्याखिडक्यांत दिव्यांच्या लाकडी कमानी लावतात. संध्याकाळी ट्राममधून त्या बघत जायचे. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा मोबाईलवर बघितला, साडेचार तासांच्या फरकामुळे तिथं सकाळच होती. नंदीध्वज हलताना दिसले, मागून कुणाचा तरी हात आला आणि पडदा झाकला गेला.

ट्राममध्ये टक लावून बघणारे भेटतात. एकदा एका म्हाताऱ्यानं काहीतरी बोलून जागा बदलली. काय बोलला ते तेव्हा कळलं नाही, आता कळलं असतं. काही रस्ते रात्री टाळते. २०२५ मध्ये हेच गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, वर्षभर बाहेरचे लोक येत राहिले, आणि त्या वर्षी आमच्या ट्रामचा रागरंग जरा बदलल्यासारखा वाटला.

सध्या थिसिस चालू आहे. तो संपला की नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, त्याचेही कागद आतापासून जमवते आहे. कर्जाचे हप्ते त्यानंतर. मधल्या काळात सोलापूरला विमानं उतरायला लागली, त्यामुळे नाना आता प्रवासाचं फार मनावर घेतात. अम्मा आणि ते दोघं यायचं म्हणतायत. त्यांना शेंगेन, म्हणजे थोड्या दिवसांच्या भेटीचा, व्हिसा लागेल, फी माणशी ९० युरो, प्रवास विमा निदान ३०,००० युरोचा, बँकेची स्टेटमेंट, माझं निमंत्रणाचं पत्र, कारखान्याचे इन्कम टॅक्स रिटर्न. यादी ग्रुपवर टाकली. नानांचा फोन आला, "व्हीएफएसमध्ये तुझी काही ओळख झाली होती का तेव्हा?" नाही म्हटलं. "मग रिटर्न सापडायलाच हवेत," म्हणाले, आणि फोन अम्माकडे दिला, कारण कपाटाची किल्ली तिच्याकडे असते.